मदत हवी आहे: शाळेचे 'फॉरेस्टचे पैसे', एसआरएस कायदा, आणि एच-४ वर असताना मीटिंगमध्ये बोलता येतं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही नॉर्दर्न कॅलिफोर्नियात एका डोंगराळ काउंटीत राहतो, नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण इथे भारतीय घरं बोटावर मोजण्याइतकी, लगेच ओळखू येईल. नवरा डॉक्टर आहे, जे-१ वेव्हरवर (म्हणजे अशा गावात काम केलं की मायदेशी परत जायची अट माफ) इथल्या क्लिनिकला लागलाय, मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावरचा जोडीदाराचा व्हिसा, आणि लेक तिसरीत. शाळा एवढीशी पण फार जीव लावणारी, आम्ही नवीन आलो तेव्हा लेकीला इंग्लिश बोलायचा धीर नव्हता तर तिच्या टीचर रोज शाळा सुटल्यावर तिला जवळ घेऊन बसायच्या.

तर झालं असं की मार्चमध्ये शिक्षकांना ले-ऑफच्या नोटिसा गेल्या (कॅलिफोर्नियात त्या १५ मार्चच्या आत द्याव्याच लागतात) आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडली तेव्हा तिसरी आणि चौथी एकाच वर्गात, आणि लायब्ररी आठवड्यातून फक्त एक दिवस. कोणालाही विचारा, उत्तर एकच, फॉरेस्टचे पैसे आले नाहीत.

मी वाचून जेवढं समजून घेतलं ते असं. काउंटीची बरीचशी जमीन नॅशनल फॉरेस्टची, म्हणजे फेडरल सरकारची, आणि तिच्यावर काउंटीला प्रॉपर्टी टॅक्स लावता येत नाही. म्हणून १९०८ पासून नियम आहे की जंगलातून जे उत्पन्न येईल, मुख्यतः लाकूड विकून, त्याचे २५ टक्के तिथल्या शाळांना आणि रस्त्यांना. पुढे लाकूडतोडच कमी झाली आणि ते पैसे आटले, म्हणून त्याऐवजी फेडरल सरकारने ठरलेले पैसे द्यायचे असा सिक्युअर रुरल स्कूल्स नावाचा कायदा २००० साली आला, सगळे एसआरएस म्हणतात तो. त्याची मुदत २०२३ च्या पेमेंटनंतर संपली आणि आता आम्ही परत त्या जुन्या २५ टक्क्यांवर आलोय. तो परत चालू करायचं नवीन बिल सिनेटमध्ये जून २०२५ मध्ये पास झालं म्हणे पण हाउसमध्ये पडून आहे. एवढं जर दोन्ही पक्षांना मान्य आहे तर मग अडतंय कुठे हेच मला कळत नाहीये.

पुढच्या महिन्यात बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची (काउंटीचा कारभार बघणारं निवडून आलेलं मंडळ) मीटिंग आहे, दोन-तीन पालक बोलणार आहेत आणि मलाही बोलायचंय. पण मी सिटिझन नाही, ग्रीन कार्डसुद्धा नाही. बोललेलं चालतं का? काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन केला तर पुढे नवऱ्याच्या व्हिसाला काही त्रास? आणि पिल्ट नावाचे अजून एक पैसे काउंटीला मिळतात असं ऐकलं, ते शाळेला का नाही देत? कोणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा, इथे विचारायला दुसरं कोणी नाही.

सॅक्रामेंटोकर:
ताई, बिनधास्त बोला. कॅलिफोर्नियात ब्राउन अॅक्ट आहे १९५३ चा, त्याप्रमाणे सुपरवायझर्स असोत की स्कूल बोर्ड, मीटिंगमध्ये पब्लिक कमेंटला वेळ द्यावाच लागतो आणि पब्लिक म्हणजे कोणीही, सिटिझनशिप कोणी विचारत नाही, नाव सांगायचीसुद्धा सक्ती करता येत नाही. रेग्युलर मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लागतो तो बघून जा आणि बोलणं तीन मिनिटांत बसेल असं लिहून न्या, साधारण तेवढाच वेळ देतात. काँग्रेसमनचं ऑफिस पत्ता विचारेल कारण तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता का एवढंच त्यांना बघायचं असतं. आपलं म्हणणं सरकारपुढे मांडणं हा तुमचाही हक्क आहे. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कुठल्याही निवडणुकीच्या प्रचाराला एक डॉलरसुद्धा द्यायचा नाही, अगदी ओळखीचा माणूस स्कूल बोर्डाला उभा असला तरी. ग्रीन कार्ड नसताना तो गुन्हा होतो. आणि व्होटर रजिस्ट्रेशनचा फॉर्म कोणी प्रेमाने हातात दिला तरी भरू नका.

रानवाटा:
मी ओरेगॉनमध्ये एका काउंटीच्या बजेट ऑफिसात आहे, आमचंही हेच रडगाणं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

अडतंय ते बिल वाईट आहे म्हणून नाही, त्याला स्वतःची गाडीच नाही म्हणून. एसआरएस जवळपास दर वेळी दुसऱ्याच कुठल्यातरी मोठ्या बिलात बसून पास झालंय. २००८ ला ते बँकांना वाचवायच्या पॅकेजमध्ये होतं, २०१२ ला हायवेच्या बिलात, २०१३ ला तर हेलियम गॅसच्या कायद्यात! २०२१ ला इन्फ्रास्ट्रक्चरच्या. मध्ये २०१६-१७ ला असंच बंद पडलं होतं, ते २०१८ च्या मार्चमध्ये खर्चाच्या मोठ्या बिलातून परत आलं. म्हणजे शाळेने वर्षाचं बजेट कशावर करायचं तर वॉशिंग्टनमध्ये कुठली गाडी कधी सुटते त्यावर. यावेळच्या सिनेट बिलामागे आयडाहोचे क्रेपो आणि ओरेगॉनचे वायडन आहेत, एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट, विरोध असा कोणाचा फारसा नाही. पण जंगलाच्या काउंटीत माणसंच कमी, मतं कमी, म्हणून घाई कोणालाच नाही.

आता पिल्ट. तो १९७६ चा वेगळा कायदा, इंटिरियर डिपार्टमेंटकडून पैसे येतात, टॅक्स न लागणाऱ्या फेडरल जमिनीच्या बदल्यात. ते काउंटी कशालाही वापरू शकते आणि प्रत्यक्षात शेरीफ, जेल, रुग्णवाहिका यातच जातात. त्यावर लोकसंख्येप्रमाणे वरची मर्यादा असते, त्यामुळे जमीन अफाट आणि माणसं थोडी अशा काउंट्यांना मार बसतो. आणि आदल्या वर्षी फॉरेस्टचे पैसे जेवढे मिळाले ते बहुतेक ठिकाणी त्यातून वजा होतात. एसआरएस बंद पडलं की पुढच्या वर्षी पिल्ट थोडं वाढतं आणि लोकांना वाटतं झाली की भरपाई. पण वाढलेले पैसे शाळेकडे जात नाहीत, काउंटीकडे जातात. तीन मिनिटांतलं एक मिनिट यावर घालवा, कारण हे सुपरवायझरांच्या हातात आहे. तुमच्याकडे राज्याच्या कायद्याने फॉरेस्टचे पैसे शाळा आणि रस्ते यांच्यात निम्मेनिम्मे वाटले जातात. आमच्याकडे रस्त्यांना ७५ आणि शाळांना २५, म्हणजे तुमच्या शाळांना धक्का आमच्यापेक्षा जास्त.

लोनस्टारवाला:
राग मानू नका पण प्रश्न आहे. जिथे लोकं राहतच नाहीत तिथल्या शाळांना अख्ख्या देशाने का पोसायचं? लाकूडतोड परत सुरू करा की.

रानवाटा:
पोसणं कसलं, जमीन तुमचीपण आहे ना. ती जमीन खाजगी असती तर दर वर्षी टॅक्स आला असता, फेडरल सरकारची आहे म्हणून येत नाही, आणि रस्ता, आगीचा बंब, हरवलेल्या ट्रेकरला शोधायला जाणारी माणसं हे सगळं काउंटीचंच. लाकडाचं म्हणाल तर ८० च्या दशकाच्या शेवटी देशभरातल्या नॅशनल फॉरेस्टमधून वर्षाला १२ अब्ज बोर्ड फुटांच्या (लाकूड मोजायचं माप) आसपास लाकूड निघायचं, २००० पर्यंत ते अडीच अब्जांवर आलं. १९९० ला स्पॉटेड आउल घुबडाला संरक्षण मिळालं, तोडीला कोर्टाची स्थगिती आली, तोडीवर मर्यादा घालणारा १९९४ चा नॉर्थवेस्ट फॉरेस्ट प्लॅन आला, आणि गावोगावच्या सॉ मिल बंद पडल्या त्या पडल्याच. उद्या तोड वाढवली तरी चिरायला मिल कुठाय? थोडी वाढावी असं माझंही मत आहे, वणव्यांसाठी जंगल विरळ करायलाच हवं. पण तिसरीच्या वर्गाला टीचर हवी आहे ती याच वर्षी.

सॅक्रामेंटोकर:
+१. ताई, भाषणात तुमच्या घराचंही सांगा. डॉक्टर अशा गावात वेव्हरवर तीन वर्षांसाठी येतात, पुढे टिकतात का ते मुलांच्या शाळेवर ठरतं. हे सुपरवायझरांना आकड्यांपेक्षा पटकन कळेल, कारण क्लिनिकला डॉक्टर मिळवायला त्यांना किती वणवण करावी लागते ते तेच जाणतात.

धागाकर्ती (अपडेट, डिसेंबर २०२५):
सगळ्यांचे मनापासून आभार. मीटिंगला बोलले, हात थरथरत होते पण पिल्टचा मुद्दा पूर्ण मांडला, आणि एका सुपरवायझर बाईंनी नंतर थांबवून आकडे मागून घेतले. काँग्रेसमनच्या ऑफिसला आम्ही पालकांनी आळीपाळीने फोन केले, फोनवरचा मुलगा अगदी नीट बोलला, व्हिसाचं कोणी काही विचारलं नाही.

आणि बिल पास झालं!! हाउसने याच महिन्यात मोठ्या बहुमताने केलं, दोन वर्षांचे बुडालेले पैसेही मिळणार. शाळेत त्या दिवशी टीचर रडल्या.

पण मुदत बघितली तर आर्थिक वर्ष २०२६ पर्यंतच, म्हणजे हे परत संपणार. स्कूल बोर्ड म्हणतंय एकदाच येणारे पैसे आहेत, त्यातून कायमची टीचर नेमता येत नाही, आणि त्यांचं चुकतंय असंही मला म्हणता येत नाहीये. @रानवाटा, तुमच्याकडच्या एखाद्या स्कूल डिस्ट्रिक्टने असे थकलेले पैसे दोन-तीन वर्षांवर पसरून टीचर ठेवल्याचं उदाहरण आहे का? जानेवारीच्या मीटिंगला न्यायचंय, १५ मार्चच्या आधी काहीतरी ठरायला हवं.