ठिपक्यांचं सूर्यफूल: सर्पिलांऐवजी आरे का दिसतात?

अंगणवाली
१.२ मीटर व्यासाचं, ३०० ठिपक्यांचं सूर्यफूल रांगोळीत काढायचंय. मधोमध खिळा, त्याला दोरी, हाताशी शाळेतला कोनमापक. प्रत्येक ठिपका आधीच्यापासून १३७ अंश पुढे आणि केंद्रापासून २ मिलीमीटर जास्त लांब, असा हिशेब धरलाय. कागदावर छोटं करून पाहिलं तर मध्ये गिचमिड, काठाला विरळ. वर दोन्ही दिशांना वळणारी सर्पिलं येण्याऐवजी २१ तिरके आरेच दिसतात. काय चुकतंय?

कर्कटक
दोन चुका आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

आधी अंतर. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. त्रिज्या सारखी वाढवत गेलात तर बाहेर जागा जास्त आणि ठिपके तेवढेच. त्यामुळे अंतर = ३.५ सेमी × ठिपक्याच्या क्रमांकाचं वर्गमूळ. पहिला ३.५ सेमीवर, २५ वा १७.५, १०० वा ३५, ३०० वा ६०.६. शेजारी ठिपके सगळीकडे साधारण ६ सेमीवर पडतील.

आता कोन. तो १३७.५०८ हवा, ‘अर्ध्या अंशाने काय बिघडतं’ म्हणाल तर तुमचे आरे तिथूनच आले. २१ × १३७ = २८७७, म्हणजे आठ पूर्ण फेऱ्यांना (२८८०) जेमतेम ३ अंश कमी. दर एकविसावा ठिपका जवळजवळ त्याच रेषेवर येऊन बसतो. १३८ घेतलेत तर ६० ठिपक्यांत बरोबर २३ फेऱ्या होतात आणि ६१ वा थेट पहिल्याच्या ओळीत.

आणखी एक: आधीच्या ठिपक्यापासून मोजू नका, प्रत्येक वेळची चूक साठत जाते. सगळे कोन एकाच शून्यरेषेपासून मोजा: क्रमांक गुणिले १३७.५०८, भागिले ३६०, उरेल ती बाकी. दहाव्याचा २९५.१, शंभराव्याचा ७०.८. स्प्रेडशीटमध्ये दोन मिनिटांचं काम. कोनमापक बाजूला ठेवा; ६० सेमी त्रिज्येच्या वर्तुळावर टेपने खुणा करा, १ अंश म्हणजे १.०५ सेमी.

ठिपका_रेघ
वरचं सगळं बरोबर, पण सर्पिलं दाखवायला रेघा मात्र ओढू नका. ती कुणी काढलेली नसतात. डोळा सगळ्यात जवळचे ठिपके जोडतो आणि जवळचा शेजारी बाहेर जाताना बदलत जातो. तिसाव्या ठिपक्याच्या आसपास ८ आणि १३ सर्पिलं दिसतील, शंभराव्याच्या आसपास २१ आणि ३४, काठावर ३४ आणि ५५. रेघ एकदा ओढलीत की डोळा तीच धरून बसतो, दुसरी दिशा हरवते.

अंगणवाली
मग दोन रंग वापरले तर?

ठिपका_रेघ
सम क्रमांक पिवळे, विषम केशरी. काठाला ३४ ची सर्पिलं आलटून पालटून रंगांत उठतील, कारण ३४ सम आहे, २१ आणि ५५ विषम. तीन रंग क्रमाने फिरवलेत तर २१ ची उठतात (२१ ला ३ ने भाग जातो), पाच रंगांत ५५ ची. आधी खडूने क्रमांक लिहून घ्या, नाहीतर शंभराच्या पुढे गोंधळ ठरलेला.

मात्रावृत्त
सर्पिलांचे हे आकडे (प्रत्येक आकडा आधीच्या दोनांची बेरीज) पडताळायला अननस घ्या. एका डोळ्याला टाचणी लावून तिरक्या ओळी मोजा: सहसा ८, १३ आणि सगळ्यात उभ्या ओळी २१. जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदांतल्या लघु-गुरूंच्या (एक आणि दोन मात्रांच्या अक्षरांच्या) मांडणीचे प्रकार मोजले, तिथेही हेच आकडे: ४ मात्रांचे ५, ५ मात्रांचे ८, ६ मात्रांचे १३.

मात्र प्रत्येक फूल या आकड्यांत बसेलच असं नाही. काही सूर्यफुलांत २९ आणि ४७ ही जोडी सापडते. झाडाकडे काही १३७.५ चं माप नसतं. नवा अंकुर आधीच्यांपासून जिथे मोकळी जागा मिळेल तिथे फुटतो. १९९२ मध्ये दुआदी आणि कुदेर या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी एकमेकांना ढकलणारे चुंबकीय द्रवाचे थेंब तेलाच्या थाळीत एकेक सोडून हाच कोन मिळवला. थेंब भराभर पडले की १३७.५ च्या जवळ, अगदी सावकाश पडले की समोरासमोर, १८० अंशांवर.