पोलो १.५ डिझेल: कूलंटची टाकी बदलून इंजिन बे मोकळा करायचाय

बेळगाव_पोलो:
मंडळी, नमस्कार. गाडी २०१५ ची पोलो, १.५ डिझेल. कूलंटची गोल प्लास्टिक टाकी पार तपकिरी पडलीय, आतली पातळी टॉर्च मारूनसुद्धा दिसत नाही. बाकीचा बे आवरून झाला, वायरिंगला नवी कापडी टेप मारली, आता बॉनेट उघडलं की हीच डोळ्यात खुपते. ती काढून हेडलाइटच्या मागे, खालच्या मोकळ्या जागेत चौकोनी ॲल्युमिनियमची टाकी बसवायचा विचार करायलोय. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बनवून मिळेल. विचारायचं ते असं: टाकी खाली गेली तर चालते का? वरच्या अंगाला येणारी बारीक नळी बंद केली तर एक नळी कमी दिसेल, ती करावी का? आणि टाकी किती लिटरची? गाडी चोर्ला घाटातून गोव्याला नेहमी ये-जा करते, त्यामुळे दिसायला छान आणि घाटात गरम असं नको.

खानापूर_कूलिंग:
खाली नको आणि नळी बंद तर अजिबात नको. कारण सांगतो.

तुमच्या गाडीला रेडिएटरवर झाकण नाही. दाब धरणारं झाकण टाकीवरच आहे, म्हणजे ती टाकी नुसती राखीव बाटली नाही, पूर्ण दाबाखाली चालणारा सिस्टीमचा भाग आहे. तिच्याकडे तीन कामं आहेत. गरम होऊन फुगलेल्या कूलंटला जागा देणं, फिरणाऱ्या पाण्यातली हवा वेगळी काढणं, आणि खालच्या जाड नळीतून पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला कायम पाणी भरलेलं ठेवणं. यातलं शेवटचं काम उंचीवर चालतं. टाकीतली मिनिमम पातळी हेड (इंजिनचा वरचा भाग), रेडिएटरचा वरचा भाग आणि हीटरच्या नळ्या या सगळ्यांपेक्षा वर असली पाहिजे. खाली नेलीत तर हवा टाकीत न येता हेडमध्ये अडकते. तिथे पाणी नसतं, वाफ होते, आणि तापमानाचा सेन्सर वाफेत असल्यामुळे काटा मात्र वर जात नाही. हेडखालचं गॅस्केट (सील) जातं ते असं.

बारीक नळी हीच हवा बाहेर काढायची वाट आहे. ती टाकीत पातळीच्या वरच यायला हवी, आणि इंजिनपासून टाकीपर्यंत सतत चढती. मध्ये उलटा यू झाला की त्या उंचवट्यात हवेचा गोळा बसतो. या लाइनमध्ये कुठेतरी साधारण २ ते ३ मिमीचं बारीक भोक असतं. नवी नळी टाकताना "मोठं केलं तर हवा लवकर निघेल" म्हणून ते ड्रिल करू नका. तसं केलं की गरम पाणी रेडिएटर चुकवून टाकीतून फिरायला लागतं, टाकीत फेस होतो आणि तोच फेस पंपात जातो.

मापाचं म्हणाल तर लिटर विचारू नका, हवेची जागा मोजा. जुनी टाकी काढल्यावर मापाच्या भांड्याने मॅक्सपर्यंत पाणी भरा, आकडा लिहा. मग तोंडापर्यंत भरा. दुसऱ्या वेळी जेवढं बसलं ती हवेची जागा. नव्या टाकीत ती त्याहून कमी नको, थोडी जास्त चालेल. ५०:५० कूलंट थंड ते पूर्ण गरम होईपर्यंत ५ ते ६ टक्के फुगतं. सिस्टीममध्ये ६ लिटर धरलं तर ३००-३५० मिली. त्याच्या वर दाबली जायला हवा उरली पाहिजे, नाहीतर दर चढाला झाकण उघडून कूलंट बाहेर आणि थंड झाल्यावर पातळी खाली.

उद्यमबाग_टिग:
टाकी जरूर बनवा, पण चौकोनी नको. झाकणावर १.४–१.६ बार असा दाब छापलेला असेल, बघून घ्या. १० बाय १५ सेंमीची एक सपाट बाजू धरली तर १.४ बारला तिच्यावर २१० किलोच्या वर जोर येतो. प्रत्येक वेळी गाडी तापली की ती बाजू फुगणार, थंड झाली की बसणार, आणि काही महिन्यांत कोपऱ्यातल्या वेल्डच्या कडेला केसासारखी चीर. आधी तिथे फक्त पांढरी-गुलाबी पावडर जमलेली दिसते, ओल दिसत नाही, कारण गरम ॲल्युमिनियमवर ती लगेच वाळते.

गोल करा. बाहेरून १०० मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची नळी, आतून २२० मिमी लांब ठेवली की दीड लिटर बसतं. दोन्ही टोकांना सपाट चकती न लावता बाहेर फुगीर केलेली लावा. फिलर (वेल्डिंगची तार) ४०४३ सांगा. बरेच जण ताकद जास्त म्हणून ५३५६ वापरतात, पण त्यात मॅग्नेशियम जास्त असतं आणि ६५ अंशांच्या वर कायम राहणाऱ्या कामात तो जोड गंजून तडकतो. आपलं पाणी ९० च्या आसपास असतं. आत मधोमध भोकं पाडलेली एक पट्टी टाका, म्हणजे वळणावर पाणी हिंदकळून खालचं तोंड उघडं पडणार नाही.

खरी गंमत झाकणाच्या गळ्यात आहे. टाकीवर गळा वेल्ड केला की उष्णतेने झाकणाचं रबर जिथे बसतं ती कडा ओढली जाते. डोळ्याला सपाट दिसते, बोट फिरवलं तर एका बाजूला बारीक उंचवटा लागतो. तेवढ्याने झाकण १.४ ऐवजी अर्ध्यावरच गळायला लागतं आणि माणूस झाकणामागून झाकण बदलत बसतो. वेल्ड झाल्यावर गळ्याची ती कडा लेथवर हलक्या हाताने सपाट करून घ्या. फोक्सवॅगनच्या झाकणाचा आटा वेगळा आहे, म्हणून तयार रेडिएटर गळा आणि त्यालाच बसणारं, त्याच दाबाचं झाकण घ्या. झाकणाची ओव्हरफ्लो नळी खाली जमिनीकडे सोडा, एक्झॉस्टपासून लांब.

टेस्ट पाण्यानेच. टाकी काठोकाठ पाण्याने भरायची, गळा आंधळ्या (दाब न सोडणाऱ्या) झाकणाने बंद करायचा, हातपंपाने २ बार देऊन वीस मिनिटं काटा हलतो का बघायचं. उद्यमबागेत हायड्रॉलिकची कामं करणाऱ्या कुठल्याही शॉपमध्ये हा पंप असतो. कॉम्प्रेसरची हवा भरून टेस्ट करू देऊ नका. जोड फुटला तर हवा स्फोटासारखी सुटते, पाणी नुसतं गळतं. टेस्टनंतर आतला बुरा जोरात धुऊन काढा, तो पंपाचं सील खातो.

ब्रॅकेट बॉडीवर, रबर बुशसह. इंजिनवर लावली तर डिझेलच्या थरथरीने वेल्ड तुटणारच.

निपाणी_वॅगनआर:
मध्येच विचारतो. माझ्या वॅगनआरला झाकण रेडिएटरवर आहे आणि बाजूला साधी बाटली. तिलाही उंचीचा नियम लागतो का?

खानापूर_कूलिंग:
नाही दादा, ती बिनदाबाची. कुठेही बसवा, खालीसुद्धा. फक्त नळीचं टोक बाटलीच्या तळाजवळ कायम पाण्यात बुडालेलं हवं, बाटलीच्या टोपणाला हवेचं भोक हवं, आणि नळीचे जोड हवाबंद हवेत. इंजिन थंड होताना तेच पाणी परत ओढलं जातं. कुठे फट असली तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते: बाटली भरलेली दिसते, रेडिएटर रिकामा असतो. तवंदी घाटात चढताना गाडी तापली आणि बाटली फुल, तर आधी गाडी थंड करून रेडिएटरचं झाकण उघडून बघा.

बेळगाव_पोलो:
उंचीचं पटलं, जागा तीच ठेवतो. आता सेन्सरचं सांगा. टाकीला खाली दोन पिनचा प्लग आहे. काढला की लाल दिवा लुकलुकतो.

उद्यमबाग_टिग:
दोन धातूच्या पिना पाण्यात असतात, कूलंटमधून करंट जातो तोवर दिवा बंद. ॲल्युमिनियमच्या टाकीत पिना थेट बसवल्या तर टाकीच त्यांना जोडते, आणि टाकी रिकामी झाली तरी दिवा लागणार नाही. पिना टेफ्लॉनच्या बुशमधून न्या, धातूला कुठेही स्पर्श नको, ओम मीटरने तपासा. प्लगमध्ये रेझिस्टर घालून दिवा गप्प करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

चिकोडी_डिझेल:
ॲल्युमिनियम करणाऱ्यांना विरोध नाही, पण घाटातल्या गाडीला मी तरी नवी ओरिजिनल प्लास्टिक टाकी आणि नवं झाकणच सुचवीन. बे निम्मा तिनेच उजळतो. पातळी बाहेरून दिसते, सेन्सरची कटकट नाही. जुनी घासून, रंगवून काही साधत नाही, उष्णतेने ते प्लास्टिकच ठिसूळ झालेलं असतं आणि शिवणीवर तडकतं.

नीटनेटकेपणा नळ्यांत आणा. मोजून कापलेली ईपीडीएम (उष्णता सोसणाऱ्या रबराची) नळी, आणि स्क्रूच्या क्लॅम्पऐवजी स्प्रिंग क्लॅम्प. रबर दबत जातं तसा स्प्रिंग आवळत राहतो, स्क्रू एकदा ढिला पडला की ढिलाच. पारदर्शक प्लास्टिक नळी दिसायला चांगली, पण गरम दाबात मऊ पडून टोकावरून निसटते.

भरताना पोलोला चालणारं जांभळं जी१३ कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी ५०:५०. बोअरचं पाणी नको, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात. जुन्या रंगाच्या कूलंटवर नवं ओतू नका, आधी पूर्ण काढा. हीटर फुल गरमवर ठेवा, हळूहळू मॅक्सपर्यंत भरा, इंजिन चालू करून खालची रेडिएटर नळी गरम होईपर्यंत थांबा. मध्येच पातळी वर चढायला लागली की लगेच झाकण लावा. पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे वरची नळी चिमटीत मऊ लागली की, झाकण उघडून कमी झालेलं भरा. गरम असताना झाकणाला हात लावू नका. आपल्याकडे उंची साधारण ७५० मीटर, उघड्यावर साधं पाणी ९७-९८ लाच उकळतं. दाबाखाली शंभराच्या वर असलेलं पाणी झाकण फिरवताच तोंडावर येतं.

चोर्लाला जाण्याआधी ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून वाटेतल्या जांबोटीपर्यंत एक फेरी मारा, तापमान स्थिर आहे का बघा. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पातळी तपासा. थोडी उतरली असेल तर अडकलेली हवा निघाली, भरून घ्या. पुढच्या फेरीनंतर पुन्हा उतरली तर ती गळती आहे, क्लॅम्पपासून शोधायला सुरुवात करा.