मदत हवी आहे : आमवात असताना लहान मुलांशी काय खेळू?

दादरला चाळीत राहते. मुलगा ४ वर्षांचा, मुलगी २ वर्षांची. मला आमवात आहे. औषधं नियमित चालू आहेत, तरी सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, बाटलीचं झाकणसुद्धा उघडत नाही. दुपारी जरा बरं असतं.

मुलाला घोडा-घोडा खेळायचं असतं आणि मला गुडघे टेकवत नाहीत. काल तोच म्हणाला, "राहू दे, आईला बाऊ झालाय." रात्रभर तेच कानात घुमत होतं.

सध्या मी पलंगावर पेशंट होते, दोघं मला तपासतात. भातुकली खुर्चीत बसून जमते. पण शिवाजी पार्कात धाकटी पळाली तर? एकटीने न्यायची हिंमत होत नाही.

असं दुखणं असलेल्या आयांनो, तुम्ही काय खेळता? विशेषतः सकाळी? आणि मुलांना हे दुखणं कसं समजावलंत?