प्रतिसाद: खुणा केलेली पानं मुलांना दाखवा
ताई, परदेशी वाद्यवृंदांच्या संकेतस्थळांचा आपल्या संगीतवर्गात काय उपयोग, असं तुम्ही विचारलंत. मी बडोद्यात व्हायोलिन शिकवते. पूर्ण मैफल दाखवायला जाऊ नका, मुलं चुळबुळ करू लागतात.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा डिजिटल संग्रह मात्र उघडाच. त्यांचे एकेकाळचे संगीतसंचालक लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या स्वरलिप्या तिथे पानापानाने बघता येतात: निळ्या पेन्सिलीच्या खुणा स्वतःसाठी, लाल खुणा वादकांच्या प्रतींत उतरवण्यासाठी. वादकांच्या प्रतीही आहेत, त्यांत गज (व्हायोलिन वाजवायची काठी) वर की खाली तेही लिहिलेलं. आपल्याकडे गज कुठे वळवायचा हे गुरूच्या हाताकडे बघून कळतं. तिकडे सगळ्यांचे गज एकदम वळायचे, तर कागदावर हवंच. हे कळल्यावर माझ्या मुलांनी यमनच्या बंदिशीवर आपापल्या खुणा केल्या. गायक मौलाबक्षांनी १८८६ साली जिथे गायनशाळा सुरू केली, स्वरलेखनाचा आग्रह धरला, त्याच बडोद्यात हे बघताना मला फार भरून आलं.

लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाकडे एकेका वाद्याच्या सुट्या स्वरांचे नमुने मोफत मिळतात. डोळे मिटून ओळखायला लावा. ओबो हे पाश्चात्त्य फुंकवाद्य वाजलं की कुणीतरी ‘सनई!’ म्हणतंच. त्याला चूक म्हणू नका, जिव्हाळी, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पत्ती, दोन्हींना असते.