कॉलेज फुटबॉल: पैसा घ्या, पण मैदानाचं नाव आणि आमचा वेळ का विकता?

शनिवारचा_प्रेक्षक (धागाकर्ता)

२००२ साली एम.एस. करायला मिडवेस्टात आलो. पहिल्याच सप्टेंबरात रूममेटनं हाताला धरून स्टेडियमवर नेलं. खेळातलं ओ की ठो कळलं नाही, पण हजारो माणसं एका सुरात ओरडली तेव्हा अंगावर आलेला काटा आजही तसाच येतो. तेव्हापासून एक मोसम चुकवलेला नाही. आता लेक सोबत येते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेट, एकमेकांवर आदळणारी आडदांड पोरं. आणि 'कॉलेज' म्हटल्यावर आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांसमोर आणू नका. अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमात १,०७,६०१ माणसं बसतात.

आता मुद्दा. जून २०२४ मध्ये एनसीएएनं, म्हणजे कॉलेज खेळांच्या मध्यवर्ती संस्थेनं, नेहमीच्या मोसमातल्या सामन्यांत मैदानाच्या गवतावर प्रायोजकांची चिन्हं रंगवायला परवानगी दिली. आमच्या मैदानावरही एक चिन्ह आलं. ते पाहिलं आणि पोटात कालवलं.

प्रायोजक नकोतच असं मी म्हणत नाही. माझं भांडण नावाशी आहे, आणि जाहिरातींसाठी खेळ थांबवून आमचा वेळ खाण्याशी आहे. टेक्सासातल्या एल पासोला १९३५ पासून सन बोल खेळला जातो ('बोल' म्हणजे मोसमाअखेरीचा खास सामना). एका विमा कंपनीनं पैसे दिले आणि १९८९ मध्ये त्यातला 'सन' चक्क गायब झाला. जॉन हॅनकॉक बोल! ते नाव १९९३ पर्यंत होतं. अटलांटाचा पीच बोल २००६ ते २०१३ नुसता चिक-फिल-ए बोल म्हणून ओळखला जात होता. दोन्ही जुनी नावं पुढे परत आली, पण मधल्या काळात जी पोरं अटलांटात खेळली त्यांच्या आठवणीवर कोंबडीच्या सँडविचचं नाव आहे. रोझ बोलनं १९९९ पर्यंत एकाही कंपनीला जवळ फिरकू दिलं नव्हतं. नंतर घेतली ती 'सादरकर्ते' म्हणून, मागच्या बाजूला. 'रोझ बोल' हे शब्द आधी आले. मला एवढीच रेघ हवी आहे.

दुसऱ्याचं नाव कपाळावर लावलं की त्याचं बरंवाईटही आपल्याला लागतं. लुईव्हिल विद्यापीठाच्या स्टेडियमवर पापा जॉन्स पिझ्झाचं नाव होतं. कंपनीच्या संस्थापकानं एका बैठकीच्या कॉलवर वर्णद्वेषी शब्द वापरल्याचं बाहेर आलं आणि २०१८ मध्ये ते नाव उतरवावं लागलं. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठानं तर २०१३ मध्ये खासगी तुरुंग चालवणाऱ्या कंपनीला ६० लाख डॉलरला स्टेडियमचं नाव देऊ केलं होतं. विद्यार्थी रस्त्यावर आले म्हणून ते टळलं.

तुम्हाला काय वाटतं?

डॅलसची_ताई

दादा, तुमच्या भावनांचा आदर आहे, पण तुमचं म्हणणं मला पटत नाही, आणि का ते स्पष्टच सांगते.

तुमचं ते स्वच्छ हिरवं मैदान इतकी वर्षं स्वच्छ राहिलं कोणाच्या जिवावर? पोरांच्या. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं एनसीएएची टीव्हीवरची मक्तेदारी मोडली आणि प्रक्षेपणाचे पैसे धो धो यायला लागले. प्रशिक्षकांचे पगार कुठल्या कुठे गेले. बिग टेन या तुमच्याच विद्यापीठांच्या गटानं २०२२ मध्ये वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरच्या वर. आणि मैदानात गुडघे फोडून घेणाऱ्यांना काय? फी माफी, राहणं, जेवण. तेव्हा कोणाच्या पोटात कालवलं नाही.

२१ जून २०२१ ला सुप्रीम कोर्टानं अ‍ॅल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात, खेळाडूंच्या बाजूनं ९ विरुद्ध ० असा निकाल दिला. १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे मिळवायला मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली: जुन्या खेळाडूंना २.८ अब्ज डॉलर भरपाई, आणि पुढे विद्यापीठांना दरवर्षी ठरावीक मर्यादेपर्यंत, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, थेट खेळाडूंना वाटायची मुभा. हे पैसे कुठून आणायचे? झाडाला तर लागत नाहीत. गवतावरच्या एका चिन्हानं त्यातला थोडा जरी भाग निघत असला तर मी म्हणते, खुशाल रंगवा.

आमच्या शेजारचा मुलगा एका मध्यम विद्यापीठाच्या टीममध्ये लाइनमन आहे, म्हणजे पुढच्या रांगेत समोरच्यांशी भिडणारा. दोन शस्त्रक्रिया झाल्या. वीस वर्षांचा पोरगा जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरतो. गावातल्या गाड्यांच्या शोरूमनं जाहिरातीसाठी त्याला पहिला चेक दिला तेव्हा त्याच्या आईनं आम्हाला घरी बोलावून केक कापला. त्या चेकवर कंपनीचंच नाव होतं ना?

अनुप_ग

ताई, खेळाडूंना मिळालंच पाहिजे, शंभर टक्के. पण प्रायोजकांचं राज्य आलं की प्रेक्षकाचं काय होतं तेही बघा. मिशिगनमध्ये २०१४ ला दोन कोकच्या बाटल्यांवर सामन्याची दोन तिकिटं, अशी योजना निघाली होती. ज्या सामन्याच्या तिकिटासाठी घराघरांत वारसाहक्कावरून बोलणी होतात, त्याची किंमत दोन बाटल्या! बोभाटा झाल्यावर ती तडकाफडकी बंद केली. त्या वेळचे क्रीडा संचालक आधी डॉमिनोज पिझ्झाचे प्रमुख होते. विद्यार्थी त्यांच्यावर इतर कारणांनीही चिडलेले होतेच, विद्यार्थ्यांची तिकिटं महागली होती, एका जखमी खेळाडूला मैदानात परत पाठवण्यावरून गदारोळ झाला होता. ३१ ऑक्टोबरला त्यांनी राजीनामा दिला.

कंपनी चालवणं आणि शंभर वर्षांची परंपरा सांभाळणं, दोन्हींची जातकुळी वेगळी.

रमा_ऑरलँडो

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. आमच्या गावी पॉप-टार्ट्स बोल होतो (पॉप-टार्ट म्हणजे टोस्टरमध्ये भाजून खायची गोड पेस्ट्री). डिसेंबर २०२३ मध्ये कॅन्सस स्टेटनं नॉर्थ कॅरोलायना स्टेटला २८-१९ नं हरवलं, आणि नंतर मैदानावर एक भलामोठा टोस्टर आणला. त्यात स्ट्रॉबेरी पॉप-टार्टच्या वेशातला शुभंकर वरून आत उतरला आणि खालून भाजलेला, खरोखर खाता येईल असा पॉप-टार्ट बाहेर आला. जिंकलेली पोरं त्याचे तुकडे तोडून खात होती. माझा सात वर्षांचा मुलगा सोफ्यावर उड्या मारत होता. त्याला फुटबॉलची गोडी लागली ती त्या दिवशी.

या सामन्याला जुनं नाव असं नाहीच. १९९० मध्ये सुरू झाला तोच ब्लॉकबस्टर बोल म्हणून, व्हिडिओ कॅसेटवाल्यांच्या नावानं. पुढे कारक्वेस्ट, चॅम्प्स स्पोर्ट्स, चीझ-इट अशी नावं बदलत गेली. प्रायोजक नसता तर हा सामनाच झाला नसता, आणि मधल्या फळीतल्या टीमना नाताळच्या सुट्टीत फ्लोरिडाची वारी घडली नसती. नाव जायला आधी ते असावं लागतं ना?

कोल्हापुरी_किक

मी अमेरिकेत कधी गेलो नाही, पण फुटबॉलसाठी वेडं झालेलं गाव म्हणजे काय ते आमच्या कोल्हापूरकरांना सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लबचा सामना असला की अर्धी पेठ रिकामी. चषकाला देणगीदाराचं नाव असतं, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. चषक येतात आणि जातात. पण उद्या तालमीचं नाव बदलून कुठल्या सिमेंट कंपनीचं लावतो म्हणा, गल्लीत पाऊल टाकू देणार नाहीत. त्यामुळे धागाकर्त्यांचा मुद्दा मला लगेच कळला. फरक इतकाच की आमच्या पोरांना पोटासाठी दुसरी नोकरी करावी लागते, म्हणून ताईंचंही पटतंय.

शनिवारचा_प्रेक्षक

रमाताई, तुमचं मान्य. जो सामना प्रायोजकाच्या पोटीच जन्माला आला त्याच्या नावावरून मी भांडणार नाही. मुलाला गोडी लागली याचा मनापासून आनंद आहे.

डॅलसच्या ताई, तुमच्या शेजारच्या मुलाबद्दल वाचलं आणि बराच वेळ काही लिहिता आलं नाही. पोरांना पैसे मिळू नयेत असं मी कधीच म्हटलं नाही. पण तुम्ही १९८४ चा निकाल काढलात म्हणून सांगतो. तो ७ विरुद्ध २ होता. विरोधातलं निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कॉलेज फुटबॉलचे नावाजलेले खेळाडू, कोलोरॅडोचे. त्या नऊ जणांत या खेळाची माती अंगाला लागलेला तोच एक माणूस होता, आणि हा खेळ शिक्षणापासून तुटून निव्वळ धंदा होईल ही काळजी त्यानं मांडली.

नाव न विकता पैसा येतो याचे दाखले आहेत. लॉस एंजेलिसचं कोलिझियम पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं स्मारक म्हणून १९२३ मध्ये उभं राहिलं. यूएससी विद्यापीठानं त्याचं नाव विमान कंपनीला द्यायचं ठरवलं तेव्हा माजी सैनिकांनी हरकत घेतली. शेवटी २०१९ मध्ये कंपनीचं नाव फक्त आतल्या मैदानाला दिलं, स्मारकाचं नाव तसंच राहिलं. करार मोडला नाही. टेनेसीत तर पायलट या पेट्रोल पंपवाल्या कंपनीनं २०२४ मध्ये पैसे दिले ते स्टेडियमला प्रशिक्षक नेलँडचं नाव कायम राहावं म्हणूनच. कंपनीचं चिन्ह गवतावर आलं, ते मला आवडलेलं नाही, पण असा सौदा मी समजू शकतो.

आता वेळेचं. टीव्हीवर बघणाऱ्यांना हे कधी दिसत नाही. सीमारेषेपाशी लाल टोपी घातलेला एक माणूस उभा असतो, वाहिनीचा. तो दोन पावलं मैदानात आला की खेळ थांबला. पंच चेंडूपाशी उभे, पोरं कमरेवर हात ठेवून उभी, बँडवाले तुतारी तोंडाशी नेऊन परत खाली घेतात. नोव्हेंबरचा शनिवार, पारा शून्याखाली. लेकीनं हातमोज्यांसकट हात माझ्या जाकिटाच्या खिशात खुपसलेले. दोन मिनिटं जातात, कधी तीन. टोपीवाला मागे सरतो, चेंडू हलतो. टचडाउन झाला (चेंडू समोरच्यांच्या टोकापलीकडे नेऊन गुण मिळाले) की जाहिरात, मग खेळ पुन्हा सुरू करायला एक किक-ऑफ, आणि लगेच पुन्हा लाल टोपी मैदानात. घरी बसलेल्याला निदान जाहिरात तरी दिसते. आम्ही एका न दिसणाऱ्या गोष्टीसाठी गोठत उभे राहतो, आणि तिकिटाचे पैसेही आम्हीच दिलेले असतात. ताई, यातला एकेक ब्रेक कमी करायला किती पैसे लागतील ते सांगा, मी वर्गणी काढायला तयार आहे.

डॅलसची_ताई

लाल टोपीवाल्याचं मला माहीत नव्हतं. मी घरीच बघते. ते वाचून वाईट वाटलं, खरंच.

तरी एक सांगते. फुटबॉलच्या पैशावर बाकीचे खेळ जगतात, हे पुरुष मंडळी विसरतात. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठानं २०२० मध्ये एका दमात ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं. खेळाडू आणि माजी विद्यार्थी भांडले म्हणून २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला. उलट नेब्रास्कात ३० ऑगस्ट २०२३ ला फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मुलींचा व्हॉलीबॉल सामना झाला, ९२,००३ प्रेक्षक होते. फुटबॉलसाठी बांधलेलं, फुटबॉलनं पोसलेलं मैदान. माझी भाची व्हॉलीबॉल खेळते. तिच्या हायस्कूलच्या टीमनं तो सामना जिममध्ये पडदा लावून बघितला. तिची शिष्यवृत्ती आणि तुमचं कोरं गवत यातलं एक निवडायची वेळ आली, तर मी विचारही करणार नाही.

अनुप_ग

ताई, निवड तेवढीच असती तर मीही तुमच्याच बाजूचा. पण टेनेसीनं २०२५ च्या सीझन तिकिटांवर १० टक्के 'टॅलेंट फी' लावली, खेळाडूंना वाटायच्या पैशांसाठी. म्हणजे गवतावर चिन्हही आलं आणि तिकीटही वाढलं. प्रेक्षकानं दोन्हीकडून किती द्यायचं याला कुठे तरी मर्यादा हवी.

डॅलसची_ताई

१० टक्के सरळ पोरांच्या हातात जात असतील तर मी देईन. हिशेब मात्र जाहीर हवा. तुमच्या-माझ्यात इथे एकमत व्हायला हरकत नसावी.

शनिवारचा_प्रेक्षक

हिशेबावर एकमत आहे, ताई. काल रात्री लेकीला सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. ती तुमच्या बाजूनं बोलली, व्हॉलीबॉलमुळे. मी अजून माझ्या जागी आहे: स्टेडियमचं नाव विकू नये, आणि जाहिरातीचे ब्रेक कमी करावेत.

आमच्या क्रीडा विभागाला दोघांनी मिळून पत्र लिहिलंय. प्रायोजकाच्या पैशातून खेळाडूंना किती आणि मुलींच्या खेळांना किती, हा प्रश्न लेकीनं घातला. स्टेडियमचं नाव विकणार नाही असं लेखी द्या, ही ओळ माझी. उत्तर आलं की इथेच टाकतो. आणि तुमच्या शेजारच्या मुलाचा पुढचा सामना कधी आहे ते कळवा, आम्ही दोघं बघू.