ट्रान्सप्लांटचा ६८वा दिवस, दहा दिवसांवर सण आणि घरात वीस माणसं

खिडकीजवळची
आज माझा ६८वा दिवस. ॲलोजेनिक ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी घेऊन केलेला; डोनर माझी धाकटी बहीण. न्यूट्रोफिल (जिवाणू आणि बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १८०० आहेत, प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस चालू आहे. सासूबाईंनी यंदा सगळ्यांना बोलवायचं ठरवलंय. म्हणतात, "तू घरी आलीस, आता कसली भीती?" त्यांनी माझ्यासाठी रात्री जागून काढल्या आहेत, त्यांना नाही म्हणवत नाही. खरं सांगायचं तर मलाही माणसं हवी आहेत. इतके दिवस मी फक्त मास्कवरचे डोळे पाहिलेत.

बहिणीचा मुलगा चार वर्षांचा आहे, बालवाडीत जातो आणि सध्या त्याचं नाक वाहतंय. जिच्या पेशींवर मी उभी आहे, तिलाच "येऊ नकोस" कसं सांगू? काउंट चांगला आहे, मग चालेल ना?

तीन वर्षं पार
ताई, न्यूट्रोफिलच्या आकड्यावर जाऊ नका. ते आधी सावरतात. विषाणूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट्सना नीट सावरायला वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं, आणि टॅक्रोलिमस नेमकं त्यांनाच दाबून ठेवतं. लहानपणच्या लसींचं संरक्षणही बरंचसं जातं, म्हणून तर पुढे त्या नव्याने घ्याव्या लागतात. त्या मुलाची साधी सर्दी तुमच्या फुफ्फुसात उतरू शकते.

सासूबाईंना पुढच्या ओपीडीला सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा. माझ्या आईला मी महिनाभर समजावत होतो. डॉक्टर दोन मिनिटं बोलले आणि तिने स्वतःच सगळ्यांना फोन केले.

सोबती
माझ्या बायकोचा ट्रान्सप्लांट झाला तेव्हा आम्ही दोन-दोन माणसांनाच बोलावलं, तेही अर्धा तास, खिडक्या उघड्या ठेवून. तिचं ताट सगळ्यांच्या आधी, गरम भांड्यातून थेट वाढायचो. मांडून ठेवलेलं काही दिलं नाही. फुलं आणि कुंड्या घराबाहेर ठेवल्या, कारण बुरशी. धूरही टाळला.

सुट्टीत ओपीडी बंद असते. औषधं आधीच आणून ठेवा आणि इमर्जन्सीचा नंबर भिंतीवर लावा. ताप ३८ अंश सेल्सिअसला (१००.४ फॅरनहाइट) पोचला की लगेच फोन. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, त्याने ताप झाकला जातो. आणि ती थकली की पाहुणे असले तरी मी खोलीचं दार लावून घ्यायचो. कुणाला राग आला तर येऊ दे.

खिडकीजवळची
काल सासूबाईंना घेऊन गेले होते. डॉक्टरांनी गर्दीला स्पष्ट नाही म्हटलं. त्या रिक्षात रडल्या, पण घरी आल्यावर यादी घेऊन बसल्या आणि एकेक फोन केला. शेवटच्या फोनपर्यंत आवाज ठणठणीत झाला होता.

बहिणीला मीच फोन केला. तिला राग येईल वाटत होतं, पण ती म्हणाली, "मी वाटच बघत होते, तू कधी सांगतेस याची." तिला आणि मुलाला काहीच लक्षण नसेल तर ती एकटी येणार, मास्क लावून. नाहीतर बाहेरच्या कट्ट्यावर बसेल, मी खिडकीत. भाच्याने माझ्यासाठी चित्र काढलंय. त्यात मी आणि त्याची आई एकाच रंगाच्या आहोत.