‘भासमान वारा’ म्हणावं का?

घाटमाथा: कण्हेर धरणाच्या पाण्यात आमची एक लहान शिडाची होडी आहे. वारा किती आणि होडी किती पळाली, याची वही मराठीत ठेवायची म्हणून रकाने आखले नि एकापाशी अडलो. चालत्या होडीत यंत्र धरलं की वाऱ्याचा आकडाही बदलतो आणि दिशाही. पुस्तकी शब्द ‘भासमान वारा’. चालेल?

मेढा रोड: नाही पटत. भासमान म्हणजे नसून वाटणारा, मृगजळासारखा. वारा पडलेला असताना साताऱ्याहून मेढ्याला मोटरसायकल काढा, डोळ्यांतून पाणी येतं ते काय भासानं?

वेण्णाकाठ: आकडेच मांडू. वारा ४ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर), होडीला काटकोनात आडवा. होडी ३ नॉटनं निघाली की समोरून ३ नॉटचा वारा तिचा तिनंच काढला. दोन्ही मिळून ५ नॉट, आणि तोही आडवा नाही, नाळेपासून ५३ अंशांवर. (नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक.) डोलकाठीवरची फीत हाच वारा दाखवते, शीडही यालाच बघून ओढायचं. मागून वारा असला की उलट: ४ नॉटच्या वाऱ्यात होडी दीडनं चालली तर अंगाला लागतो अडीचच, वारं पडलं की काय असं वाटतं. जिच्यावर होडी चालते ती गोष्ट भास कशी?

चाळकेवाडी पठार: आमच्याकडच्या पवनचक्क्यांचंही तेच. पात्याला लागणारा वारा निराळा, कारण पातं स्वतः फिरतंय. ‘सापेक्ष वारा’ शास्त्राला धरून आहे, पण होडीत कोण म्हणणार!

घाटमाथा: मग ‘काठचा वारा’ आणि ‘होडीवरचा वारा’?

वेण्णाकाठ: ‘काठचा’ नको. डोंगराच्या आडोशाला काठावर पान हलत नाही आणि मधल्या पाण्यात शीड फडफडत असतं. खरा वारा मोजायचा तर तिथंच नांगर टाकून मोजा.

मेढा रोड: म्हणजे ‘उभ्या होडीचा वारा’ आणि ‘चालत्या होडीचा वारा’. झालं की!

घाटमाथा: हे घेतो. होडीच्या रकान्याला ‘वेग’ लिहू की ‘चाल’?

वेण्णाकाठ: शाळेच्या पुस्तकात दिशेसकट तो वेग, नुसती ती चाल. तुमच्या वहीत दिशेचा रकाना वेगळा आहे, तेव्हा ‘चाल’. आणि यंत्र दोन्ही वेळा एकाच उंचीवर धरा, पाण्यालगत वारा कमीच भरतो.